जिजी आणि खाली बसलेला ठिपका

"पेन काढ."

लॅबच्या दारात जिजी अशी हात पसरून उभी राहायची. तळहात वर, बोटं जराशी हलती, नजर थेट तुमच्या खिशावर. तुम्ही कोण, कुठून आलात, कोणाच्या ओळखीचे आहात, याच्याशी तिला काही घेणंदेणं नसे. पेन काढून बाहेरच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं आणि मगच उंबरठा ओलांडायचा.

एकदा एक मोठे अधिकारी पाहणीला आले. खिशाला दोन पेनं आणि हातात तिसरं. जिजीने तिन्ही काढून घेतली. मागे उभे असलेले आमचे सर डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "साहेब," ती म्हणाली, "पेननी शाई पट्टीवर चढस. मंग मिरची ऱ्हाई बाजूले आन शिक्षा व्हई तुमना पेनले." साहेब हसले. जाताना मात्र तिन्ही पेनं आठवणीने घेऊन गेले. ते बरंच केलं, कारण संध्याकाळी डब्यात उरलेली पेनं जिजी खुशाल घरी न्यायची.

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आमच्याकडे काचेची एक पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. खाली पेन्सिलीने रेघ मारायची, रेघेवर तपासायच्या मालाच्या अर्काचा बारीक टिंब द्यायचा आणि पट्टी बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी थोडंसं द्रावण. ते द्रावण पट्टीवर आपोआप वर चढतं आणि टिंबातल्या रंगांना सोबत नेतं. एक रंग भराभर पळतो, दुसरा मध्येच थांबतो, तिसरा जागचा हलत नाही. असे सगळे सुटे सुटे झाले की आत कोण कोण लपलं होतं ते दिसतं. क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती हीच. रेघ पेनने मारली तर शाईसुद्धा फुटून वर चढते, आणि मग ठिपका मिरचीतला की पेनातला हे कोणी सांगायचं?

एम.एस्सी.ला हे सगळं मी पाठ केलं होतं. समजलं मात्र जिजीकडून. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तोरणमाळले गयी व्हती का कधी?"

मी म्हटलं, गेले होते.

"मंग झालं. समदा खालतून संगे निंघतस. जवान पोरं पयले वर. मन्हासारख्या गुडघावाल्या अर्धा घाटमा बठतस. कोन कोठे बठनं ते देखं का वळखू येस."

मला रागच आला. मी म्हणजे गुणवत्ता यादीतली मुलगी, आणि ही बाटल्या धुणारी बाई मला घाट शिकवतेय. मी मुळातच तोंडाळ. काहीतरी बोलून गेले असणार. जिजीने ते ऐकलंच नाही असं केलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. माझी पहिली रेघ वाकडी आली.

जिजी हे काही तिचं नाव नव्हे. आमच्या खानदेशात आईला, मोठ्या बहिणीला, शेजारच्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला जिजी म्हणतात. हजेरीपटावर तिचं पूर्ण नाव होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, कोणाला बोलावलं म्हणून. म्हणून मीही ते इथे सांगत बसत नाही.

शिक्षण दहावी. नवरा तरुणपणीच आजारी पडला, बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता, आणि घर चालवायला ती कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात परिचर म्हणून लागली. बाटल्या धुता धुता शिकली. परीक्षेच्या दिवशी घाबरलेल्या पोरांच्या मागून जाताना हळूच पुटपुटायची, "दुसरी बाटली, दुसरी." त्या पोरांपैकी एक म्हणजे आमचे सर. त्यांनी पुढे नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळ तीन खोल्यांची ही खाजगी लॅब काढली आणि पहिली नेमणूक जिजीची केली. नवरा तोवर गेलेला होता, लेक नवापूरला दिलेली होती. जिजी एकटीच राहायची आणि लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी यायची.

आमची जागा कशी, तर हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळत पडली की वारा वाहील तिकडची माणसं शिंकतात. नवा माणूस लॅबमध्ये आला की आधी रडायचा आणि मग काम सांगायचा. जिजीला कधी शिंक आलेली मी पाहिली नाही.

मधल्या खोलीत सरांचं मोठं यंत्र. तेही क्रोमॅटोग्राफीचंच, पण साहेबी. त्याला एसी लागतो, गाळलेलं द्रावण लागतं, वीज जरा खालीवर झाली की ते बंद पडतं आणि मग पुण्याहून माणूस येईपर्यंत सगळे हात जोडून उभे. जिजी त्याला जावईबापू म्हणायची. सकाळी आल्या आल्या विचारायची, "जावईबापू जेवना का?" आणि ते बंद असेल तर समाधानाने आपल्या पट्ट्या काढून बसायची. तिच्या पट्ट्यांना वीज लागत नव्हती.

तिची एक खोड मात्र होती. नमुना आला की आधी चिमटीत घेऊन चोळायची, नाकाशी न्यायची आणि निकाल सांगायची. "बियाच जास्त दळी टाकी शेतस." "गेल्या सालनी शे हाई." नियमाप्रमाणे नमुन्याला हात लावायचा नसतो. सरांनी दहादा सांगून पाहिलं. पण तिचे अंदाज इतके खरे निघायचे की सर सांगायचे थांबले, आणि तिला त्या बोटांचा थोडा गर्व झाला.

लोकही आमच्याकडे काय काय घेऊन यायचे. एक कापूसवाला आला. शेताशेजारच्या विहिरीत फवारणीचं औषध उतरलंय का, हे त्याला बघायचं होतं. बरोबर विचार केला होता बिचाऱ्याने. पण पाणी आणलं होतं ते फवारणीच्याच औषधाच्या रिकाम्या बाटलीत. "तीनदा धुयेल शे जिजी," तो म्हणाला. जिजीने बाटली उजेडात धरली. "भाऊ, आते पाणी तपासू का बाटली तपासू?" मग तिनेच आमची काचेची बाटली त्याला दिली, कशी भरायची ते शिकवलं आणि चहा पाजून परत पाठवलं.

आणि गुडघ्याच्या पुडीची गंमत तर ऐकाच. आठवडे बाजारात एक माणूस सांधेदुखीवर जडीबुटीची पुडी विकायचा. जिजीने ती सुरू केली आणि दोन दिवसांत जिने चढायला लागली. लॅबभर कौतुक. "तुमनी डॉक्टरकी एकीकडे, हाई पुडी एकीकडे." पुढे कोणीतरी तीच पुडी तपासायला आणली. जिजीनेच पट्टी लावली. शेजारी आम्ही दुकानातल्या दुखणं थांबवणाऱ्या गोळीचा टिंब दिला, कारण अशा पुड्यांत ती कुटून घालतात. दोन्ही ठिपके हातात हात घालून एकाच उंचीवर जाऊन थांबले. जिजीने पट्टी जवळ घेऊन पुन्हा पाहिली. "म्हनीन गुडघा पयत व्हता," ती म्हणाली. तिने पुडी सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कठड्याला धरून जिना चढायला लागली.

आता मूळ गोष्टीकडे येते. तीनेक हंगामांपूर्वीची आहे.

कोरीटच्या पुढच्या एका गावात बायकांच्या बचत गटाने मिरची कांडपाचं यंत्र बसवलं होतं. अकरा बायका. सुमनबाई त्यांची अध्यक्ष. उंच, सावळी, तोलूनमापून बोलणारी. सुरतच्या एका मसाला व्यापाऱ्याला त्यांचं तिखट पसंत पडलं होतं. त्याची अट एकच. तिखटात बाहेरचा रंग नाही असा लॅबचा रिपोर्ट आणा, की हंगामभराचं तिखट तुमच्याकडूनच. या बायका वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या पथारीवर उन्हात बसून देठ खुडत आलेल्या. हा एक कागद मिळाला की त्यांचं उन्हात बसणं संपणार होतं, आणि हे त्यांच्याइतकंच आम्हालाही ठाऊक होतं.

सुमनबाई स्वतः पाकीट घेऊन आली तेव्हा मी जावईबापूंच्या खोलीत अडकले होते. पाकीट जिजीने घेतलं आणि वहीत नोंद केली, 'पाकीट स्वच्छ, तोंड बंद.' मग पट्टी लावली. थोड्या वेळाने मी निळ्या दिव्याखाली ती धरली तर रेघेच्या जरा वर एक गुलाबी ठिपका चमकत होता. मिरचीचा तो रंग नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्याच महिन्यात मला सहीचा अधिकार मिळाला होता. सही करायला माझे हात नुसते शिवशिवत होते. मी लिहिलं, 'कृत्रिम रंग आढळला.'

जिजी मागे उभी होती. "पोर, एकदा परत लावू."

"कशाला? दिसतोय ना ढळढळीत."

"हाऊ आपला नेहमीना चोर नही. मिरचीमा टाकतस तो रंग तेलना. तो वर पयस. हाऊ तर खाले बठेल शे."

"चोर वर चढला काय आणि खाली बसला काय, चोरच ना?" मी म्हटलं. बोलले आणि स्वतःवरच खूश झाले. रिपोर्ट त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला ईमेलने गेला.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई दोन बायकांना घेऊन आली. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचूनच बसले होते. पण ती भांडली नाही. समोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, घरनी मिरची. आम्हीच खुडी, आम्हीच दयी. रंग कोठून उना, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट." अजून ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

"आते गावमा आम्हले रंगवाल्या म्हनतीन," सुमनबाई म्हणाली. एवढंच बोलून त्या गेल्या. त्या असेपर्यंत जिजी आमच्याकडे पाठ करून मोरीत बाटल्या धूत होती. नंतर मी पाहिलं तर त्या सगळ्या सकाळीच धुतलेल्या बाटल्या होत्या.

पुढचे दोन दिवस जिजी जिजीसारखी नव्हती. जावईबापूंची चौकशी नाही, कोणाची फिरकी नाही. मी खिशाला पेन लावून आत गेले तरी तिने हात पसरला नाही. तेव्हा मात्र मी चरकले. विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणे, "काय नही वं." तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चप्पल घातली आणि म्हणाली, "चाल. तेसना गाव जाऊ."

सरांनी नव्या नमुन्याची परवानगी दिली, कदाचित जिजीचा चेहरा बघून. आम्ही काळीपिवळी जीपने निघालो. गावात पत्र्याची शेड, आत यंत्र, बायकांची डोकी फडक्याने बांधलेली. मी डोळ्यांत तेल घालून शोधत होते. रंगाचा डबा नाही, पुडी नाही, काही नाही. मग मी नियमाने नमुना घेतला. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून. सगळं एकत्र कालवून पाकिटात भरलं. पहिल्या वेळी हे असंच व्हायला हवं होतं.

मी पाकीट बंद करते तोच सुमनबाई ओल्या कुंकवाची वाटी घेऊन आली. तिच्या बोटाच्या टोकावर कुंकू होतं. "परीक्षाले जाई ऱ्हायनी ना ती," ती पाकिटाकडे बघून म्हणाली. शाळेत जाणाऱ्या पोरीला लावावं तसं ती पाकिटाला कुंकू लावायला वाकली.

जिजीने तिचं मनगट धरलं. "नको लावू."

"काबरं?"

"मागला पाकिटले लायं व्हतं. तेच नडनं."

सुमनबाईला तिखट करता येत होतं, पण आजकालचं बाजारातलं कुंकू म्हणजे निव्वळ रासायनिक रंग असतो, आणि तो पट्टीवर गुलाबी होऊन खाली बसतो, हे तिला कोण सांगणार? मला ते माहीत असायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरंच चालू होतं. पहिलं पाकीट आलं तेव्हा ते फक्त जिजीने पाहिलं होतं, आणि वहीत तर लिहिलं होतं, पाकीट स्वच्छ. जिजीने वाटीतलं चिमूटभर कुंकू कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. परतीच्या वाटेवर ती सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं असेन.

लॅबमध्ये येऊन तिने एकाच पट्टीवर चार टिंब दिले. पहिला कुंकवाचा. दुसरा जुन्या पाकिटातल्या वरच्या तिखटाचा. तिसरा त्याच पाकिटाच्या तळातल्या तिखटाचा. चौथा आज आणलेल्या नमुन्याचा. सर खुर्ची ओढून बसले. द्रावण चढू लागलं. मिरचीचे पिवळे-केशरी रंग नेहमीसारखे वर निघून गेले. कुंकवाच्या रांगेत खाली गुलाबी ठिपका बसला. जुन्या पाकिटातल्या वरच्या तिखटाच्या रांगेत तोच ठिपका, फिकट. तळातल्या तिखटाच्या रांगेत काही नाही. नव्याच्या रांगेतही काही नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. सर म्हणाले, "थांबा. तळ स्वच्छ आहे, म्हणजे रंग दळताना पडलेला नाही. पाकीट भरल्यावर वरून पडलाय. पण कुठे पडला? त्यांच्या गावात पडला असेल तर आपल्याकडे आलेला नमुना तसाच होता, रिपोर्ट बरोबर आहे आणि मी तो मागे घेणार नाही. एकदा असा मागे घेतला की उद्या प्रत्येक व्यापारी दारात उभा राहील. आपल्याकडे पडला असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्या वहीत तर लिहिलंय, पाकीट स्वच्छ."

बघा, किती साधी गोष्ट होती. जिजी गप्प राहिली असती तर तिला कोणी काही म्हटलं नसतं. साक्षीदार कोणी नव्हता. फक्त अकरा बायका पुन्हा पथारीवर जाऊन बसल्या असत्या.

जिजीने पदराला हात पुसले. "आठे पडना सर. मन्हा हातनी पडना."

सर खुर्चीत सरळ बसले.

"पाकिटवर कुंकू व्हतं. ओलं. घेता घेता मन्हा बोटले लागनं." मग माझ्याकडे न बघता, सरांकडे न बघता, पट्टीकडे बघून बोलली. "खोलीमा कोनी नव्हतं. मी ते कपायले लायं. अकरा वरीसमा पयल्यांदा लायं. आरशामा देखं. मंग पुसी टाकं, पाकीट बी पुसी टाकं, आन वहीमा लिखं, स्वच्छ. आन तेच बोटं तिखटमा घालीसन चोयं, सवयप्रमानं."

मला तो दिवस आठवला. यंत्राच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा तिच्या कपाळावर लालसर फराटा होता. मी मनात म्हटलं होतं, मिरची लागलीय. आमच्याकडे कोणाच्या ना कोणाच्या तोंडाला ती लागलेलीच असते.

"पट्टी देखी तवयच माले समजनं व्हतं," जिजी म्हणाली. "सांगाले लाज वाटनी. दोन दिन वाया गयात. पायजे तर माले काढी टाका, पन तेसना कागद नीट करी द्या."

सरांनी वही ओढली. 'पाकीट स्वच्छ' या शब्दांवर त्यांनी काट मारली नाही. खाली दुसरी ओळ लिहिली, नमुना लॅबमध्ये हाताळताना दूषित झाला, आणि जिजीपुढे सहीसाठी वही सरकवली. जिजीने सही केली. सर म्हणाले, "तुम्हाला काढलं तर जावईबापूंचं कोण करणार?" ते नाव त्यांनाही माहीत आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत कोणीच कोणाकडे बघितलं नाही.

व्यापाऱ्याला सरांनी स्वतः फोन केला. चूक आमच्या लॅबची आहे, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. तो कुरकुरला, सुरतला त्याने आपल्या बाजूनेही तिखट तपासून घेतलं, तिथेही काही निघालं नाही, आणि सुमनबाईचं काम पक्कं झालं. रिपोर्ट मागे घेण्याच्या पत्रावर जिजीची चूक नोंदली गेली. माझी कुठेच नोंदली गेली नाही. तिने परत लावू म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ते मी इथे लिहून टाकते.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. पुढच्या रविवारी जिजी एकटीच त्या गावाला गेली आणि त्या अकरा बायकांना शेडमध्ये बसवून तिने सगळं सांगितलं. कपाळाचंसुद्धा.

आता जिजी लॅबमध्ये नाही. गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा लेक येऊन तिला नवापूरला घेऊन गेली. तिथे ती अंडीवाल्याला दारात उभा करून विचारते, कोंबडीले कोनतं औषध देतस, आणि तो दुसऱ्या गल्लीने जायला लागलाय असं लेक सांगते. रविवारी फोन येतो. मी सांगते की जावईबापूंना नवा पंप बसवला, तर म्हणते, "किती लाड." पट्ट्या आता मी लावते. नमुना चिमटीत घेऊन चोळायचा मोह मला होतो, पण मी हात मागे घेते.

निरोपाचा दिवस तसा रीतसर झाला. शाल, श्रीफळ, सरांचं अडखळत भाषण. पण जिजी म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. मला दुसरी दुपार आठवते, त्याच हंगामातली, स्वच्छ रिपोर्ट गेल्यानंतरच्या आठवड्यातली.

सुमनबाई आणि दोघी-तिघी तिखटाचा वानोळा घेऊन आल्या होत्या. सगळ्यांना पिशव्या वाटून झाल्या. मग सुमनबाईने कमरेची एक डबी काढली. "घर करेल शे," ती म्हणाली. "हयदनं कुंकू. बाजारनं नही."

जिजीने डबी हातात घेतली. चोळलं नाही. काडीने चिमूटभर घेतलं, पेन्सिलीने रेघ मारली, टिंब दिला आणि पट्टी बरणीत उभी केली. आम्ही सगळ्याजणी तिच्याभोवती उभ्या. लाल टिंब हळूहळू वर निघाला आणि चढता चढता पिवळा झाला. हळदीचे तीन पिवळे ठिपके, एकाखाली एक. खाली गुलाबी काहीच नाही.

"चोर नही," जिजी म्हणाली आणि डबी परत करायला हात पुढे केला.

सुमनबाईने डबी घेतली नाही. तिने त्यातच बोट बुडवलं आणि जिजीसमोर उभी राहिली.

"माले कसाले वं?" जिजी मागे सरकली. मागे मोरी होती, सरकायला जागा नव्हती.

"चोरीनी लायं म्हनीन एवढं घडनं," सुमनबाई शांतपणे म्हणाली. "आते समदासना समोर लाव."

जिजीने एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी ते मिरचीवर ढकलत होते. तिने डोळे मिटले आणि मान थोडी पुढे केली.

एरवी जिजी लॅबपासून घरापर्यंत रिक्षाने जायची. त्या दिवशी रिक्षावाला नेहमीसारखा येऊन थांबला होता. तिने त्याला जा म्हणून सांगितलं, डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि भर बाजारातून, गुडघे दुखत असताना, भेटेल त्याच्याशी थांबून दोन शब्द बोलत ती चालत घरी गेली.